गोदाक्काची हाक

रस्त्यानं पुढं एखादा उंच, पांढऱ्या शर्टाचा पुरुष पाठमोरा चाललेला दिसला, की गोदाक्काचे पाय आपोआप उचलायचे. बोलता बोलता ती माझा दंड सोडायची, झपाझप पुढं जायची, त्या माणसाला ओलांडायची आणि पदर सावरायचं निमित्त करून वळून त्याचं तोंड बघायची. मग तिथंच उभी राहायची. मी धापा टाकत तिला गाठेपर्यंत तिचा चेहरा पहिल्यासारखा झालेला असायचा. बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच ती उचलायची, "हां, तर मेथी कोवळी होती म्हणालीस, मग?"

बारा वर्षं मी हे बघितलं. हुमनाबादच्या बसस्टँडवर बघितलं, कलबुर्गीच्या बाजारात बघितलं, आणि शेवटी जिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा परमुलखातही बघितलं. ते परमुलखातलंच आज सांगायला बसले आहे. मला काही लिहिण्याचा सराव नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काय ते दुकानाच्या पुड्यांवर वाचून शिकले. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

गोदाक्का माझी शेजारीण, मधे एक भिंत. तिचे मालक मराठी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. एका पौर्णिमेला दोघं गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला गेले. संगमाजवळच्या लॉजवर पिशवी टेकवली आणि मास्तर म्हणाले, "तू जरा पड. मी पाय धुऊन येतो." अनवाणीच गेले. ते आले नाहीत. नावाडी लोकांनी भीमा ढवळून काढली, पोलिसांनी रस्ते बघितले. नदीनं दिलं नाही, रस्त्यानंही दिलं नाही. अक्का म्हणायची, "चपला लॉजवर हायती. बिनचपलेचा माणूस लांब कसा जाईल?" आधी आम्ही व्हय व्हय म्हणायचो. पुढं पुढं नुसतं ऐकून घ्यायला लागलो.

मी विधवा. आणि ती? तिचं काय म्हणायचं, हाच तर गावाला पडलेला प्रश्न होता. संक्रांतीला वाण लुटायला निघालेल्या बायका माझ्या दारावरून सरळ पुढं जायच्या, त्याचं मला काही वाटायचं नाही. अक्काच्या दारापाशी मात्र त्यांचे पाय अडखळायचे. हळदकुंकू लावावं का लावू नये? एकमेकींच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या. तेवढ्यात अक्काच दार उघडायची. "या गं! उंबऱ्यावर काय पंचायत भरवलीय? लावा कुंकू. माझा नवरा मेलाय असं कुणी बघून आलंय का?" आणि हसायची. त्या हसण्यानं बायका आणखीच गोऱ्यामोऱ्या व्हायच्या.

तिला कुठलाही फोन आला तरी ती घ्यायची. आपण अनोळखी नंबर दिसला की तोडतो ना? ती नाही. "हां, बोला. मी हाय," एवढंच म्हणायची. हॅलो नाही, कोण म्हणून विचारणं नाही. कर्ज देणाऱ्या पोरींचे, लॉटरीवाल्यांचे, चुकून लागलेले, सगळे फोन ती शेवटपर्यंत ऐकायची. एकदा तिकडून कुणी बोलेचना. अक्का भाकरी थापायची थांबली, पिठाचा हात तसाच, फोन कानाला. तव्यावरची भाकरी करपली. मी गॅस बंद केला. पलीकडून नुसता वाहनांचा आवाज येत होता, लॉऱ्यांचा. मग फोन कटला. "हायवेवरून होता," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. 

दुपारी दारात जो कुणी मागायला येईल, त्याला ती रिकामा पाठवायची नाही. गाणगापुरात म्हणतात ना, भरदुपारी देव भिक्षा मागत फिरतो, कुठल्या रूपात येईल नेम नाही. अक्का वाढायची, पण वाढताना भांड्याकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघायची. दाढीच्या आतपर्यंत बघायची म्हणा ना.

आता अशी दाराकडं डोळे लावून बसलेली बाई टूरला कशी गेली?

तिचा मुलगा सुधीर पुण्याला. पोरगा गुणाचा. बारा वर्षं झाली तसा तो येऊन बसला. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडं रीत आहे. सुधीर खाली मान घालून म्हणाला, "आई, अप्पांना मोकळं करू. तुलाही."

अक्का तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला आधी डॅन्यूब बघायचीय."

आम्हाला वाटलं, झालं. सटकली म्हातारी. पण ती शांत होती. मास्तर वर्गात शिकवायचे तेच घरी ओसरीवर निळ्या खडूनं काढून दाखवायचे. ही डॅन्यूब. इतक्या देशांतून जाते, पण कुणाला पासपोर्ट दाखवत नाही. रिटायर झाल्यावर बघायला जायचं, असं त्यांनी कबूल केलेलं. "येडी न्हाई मी," अक्का मला नंतर म्हणाली. "ते तिथं बसलेत असं मी म्हणायलेय का? पण सगळीकडं बघून झालंय. तेवढंच राहिलंय. बघायचं राहून गेलं आणि जाळून टाकलं, असं नको."

सुधीरनं पुण्याच्या एका टूरमध्ये आमची दोघींची नावं घातली. बल्गेरिया, सर्बिया, बोस्निया आणि शेवटी क्रोएशियाचा समुद्र. निघायच्या दिवशी अक्कानं दाराला पाटी अडकवली, मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत: "गावाला गेले आहे, परत येणार, किल्ली समोर." समोर म्हणजे चाँदभाईचं किराणा दुकान. चाँदभाईनं किल्ली घेतली, डोळ्यांना लावली. "अक्का, तुमे बेफिकर जाव. मास्टरसाब आए तो मैं बिठातूं, चाय पिलातूं, तुमना फोन लगातूं." तो हे असं बोलला, जसं मास्तर बिदरला कामासाठी गेलेत आणि चारच्या बसनं येणार आहेत. 

तिकडं टूरच्या बसमध्ये बाकीची मंडळी पुण्या-मुंबईची. पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कर्नाटकातल्या ना? मग इतकं छान मराठी कसं येतं?"

अक्का म्हणाली, "आमच्याकडं मराठी येतंय, कन्नड येतंय, चाँदभाईसंगं भांडण्यापुरतं उर्दूबी येतंय. तुम्हाला पुण्यात राहून एकच कामून येतंय?"

सगळी बस हसली, ती बाईपण हसली, आणि त्या दिवसापासून अक्का सगळ्यांची लाडकी झाली. आमच्याजवळची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागायला लोक रांग लावायचे. टूर मॅनेजर वैशाली मॅडम होत्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्या सांगायच्या, "काकू, तुम्ही दोघी हॉटेलचं जेवण बंद पाडणार."

बल्गेरियात, सोफियाहून निघालो त्या दिवशी एका लहान गावात जेवणासाठी थांबलो. लाल कौलांची घरं, दारापुढं द्राक्षांचे मांडव, चौकात पाण्याची तोटी. माणसं मात्र कमी. एक म्हातारी बाकावर बसलेली, एक मांजर. जेवण लागायला वेळ होता म्हणून आम्ही पाय मोकळे करायला गेलो, आणि अक्का एका खांबापाशी थांबली.

खांबावर कागद चिकटवलेला. काळी चौकट, आत एका माणसाचा फोटो, खाली त्यांच्या लिपीत चार ओळी. पुढच्या खांबावर दुसरा कागद, दुसरा फोटो. एका घराच्या दारावर बाईचा. फाटकावर दोन. बसथांब्यावर तर एकाशेजारी एक, किती तरी. काही नवे कोरे, काही पावसानं धुऊन गेलेले, नुसते डोळे उरलेले.

"इंदू," अक्का हळूच म्हणाली, "किती माणसं हरवलीत गं ह्या गावात!"

तुम्ही हसाल. पण मलाही तसंच वाटलं. आमच्याकडं खांबावर फोटो आणि खाली चार ओळी म्हणजे दुसरं काय असणार? अक्कानं स्वतः मास्तरांचे असे कागद लावले होते. हुमनाबादच्या स्टँडवर, कलबुर्गीच्या स्टेशनाबाहेर, गाणगापूरच्या प्रत्येक लॉजच्या भिंतीवर. खळ शिजवायला मी होते.

ती एकेका कागदापाशी जायला लागली. एका म्हाताऱ्याच्या कागदाचा कोपरा सुटून फडफडत होता. तिनं अंगठ्यानं तो दाबून धरला. "निघायलंय. पुन्हा लावायला कुणी उरलं न्हाई वाटतं ह्याच्या घरी." दुसरीकडं एका तरण्या पोराचा फोटो होता, त्याच्या गालावरून तिनं हात फिरवला. "अरे बाळा, कुठं गेलास?" आणि मग रिकाम्या गल्लीकडं बघून, "एवढी माणसं गेली तरी गाव असं गप कसं बसलंय?"

वैशाली मॅडम आम्हाला जेवायला बोलवायला आल्या. बरोबर तिथली गाइड होती, रादका नावाची, केस पिकलेली बाई. अक्कानं विचारलं, ह्यातलं कुणी सापडलं का? मॅडमनी रादकाला इंग्रजीत विचारलं, तिचं ऐकलं, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला.

"काकू, ही माणसं हरवलेली नाहीत. गेलेली आहेत. चाळीस दिवसांनी एक कागद लावतात, वर्षानं एक, आणि मग वर्षानुवर्षं लावत राहतात."

अक्काचा अंगठा अजून त्या कोपऱ्यावरच होता. "गेल्याली? मग खांबाला कशाला? गेलेल्याचं शोधायचं काय राहिलंय?"

रादका म्हणाली ते मॅडमनी सांगितलं, "शोधायला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं नाव वाचावं म्हणून. कुणाच्या तरी तोंडात नाव राहावं म्हणून."

 अक्कानं त्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "ह्याचं काय नाव?"

"दिमितर."

"आणि हिचं?"

"इवांका."

अशी ती सगळी गल्ली चालली. रादका वाचायची, अक्का तोंडातल्या तोंडात म्हणायची. दिमितर. इवांका. स्तोयान. मंडळी हॉटेलच्या दारातून हाका मारत होती, सूप गार होत होतं. रादकानं मात्र एकही नाव गाळलं नाही.

बस सुटल्यावर बराच वेळ अक्का खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "इंदू, मी ह्यांचं नाव एकदाच घेतलंय. लग्नात, उखाण्यात. पुढं कधी न्हाई."

"आपल्यात कोण घेतंय?"

"तसं न्हाई. त्या दिवशी संगमावर मी पळत होते, तेव्हा काय ओरडत होते ठाऊक हाय? 'अहो! अहो!' घाटावरचे सगळे नवरे वळून बघायले. कुणी आंघोळ करता करता, कुणी नारळ फोडता फोडता. माझा एक सोडून." मग म्हणाली, "पाण्यापर्यंत हाक पोचली असती, तरी ती त्यांचीच हाय हे त्यांना कळणार कसं?"

 मी शेंगाचा डबा पुढं केला. तिनं चार दाणे घेतले आणि मुठीत तसेच धरून बसली.

बेलग्रेडला नदी दिसली. शहरात एक उंच किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी दुसरी एक नदी येऊन डॅन्यूबला मिळते. संगमच की तो. मला आधी ठाऊक असतं तर मी तिला त्या तटावर नेलंच नसतं. अक्का कठड्याला हात लावून उभी राहिली. "निळी कुठाय गं? ही तर आपल्या भीमेगतच हाय. ह्यांनी उगंच निळा खडू झिजवला."

हसलो आम्ही. मग मी फोटो काढायला जरा बाजूला झाले. वळले तर कठड्याशी अक्का नव्हती.

आधी वाटलं, बाथरूमला गेली असेल. मग मंडळी जमली, मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली.  फोन लावला तर लागेना. जो फोन तिनं बारा वर्षं एक दिवस बंद पडू दिला नव्हता, तो लागेना. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पोलिसांना सांगा. कुणी म्हणालं, पुढच्या जेवणाची वेळ चुकणार. आणि मी त्या किल्ल्यात वेड्यासारखी फिरत होते, बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांमधून, लहान मुलांच्या गाड्यांमधून. पळता पळता लक्षात आलं की मी प्रत्येक बाईची पाठ बघतेय.  म्हटलं, इंदू, हिनं बारा वर्षं काय केलं ते आज तुला कळतंय.

तेवढ्यात खालून, पाण्याच्या बाजूनं हाक ऐकू आली.

"माधव!"

आवाज अक्काचा होता, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नाआधीच्या पोरीचा असावा तसा. मास्तरांचं नाव माधव होतं. मला ते मतदार यादीत वाचून ठाऊक. पुन्हा आली हाक, "माधव!" आणि मग काहीच नाही.

खाली पायऱ्या उतरून गेले तर ती पाण्याकाठच्या बाकावर बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले. पुढं लांबवर एक उंच माणूस पाठीमागं हात बांधून चालला होता, पांढरा शर्ट, डावा खांदा जरासा उतरलेला. खरं सांगते, क्षणभर मलाही ते मास्तरच वाटले. तो वळला नाही, वळणावरून दिसेनासा झाला.

"अक्का!" मी रडतच होते. "काय केलंस गं हे? सगळी बस तुला शोधायलीय!"

तिनं मला शेजारी बसवलं. "व्हय? कधीपासून?"

"कधीपासून काय विचारतीस? जीव गेला आमचा."

"मला काहीच कळलं न्हाई बघ," ती म्हणाली. "मागून अगदी तसेच होते. हाक मारली, वळले न्हाईत. मग पळून पुढं जाऊन तोंड बघावं असं वाटलंच न्हाई. बसले. इथं वारा हाय, पाणी हाय. बरं वाटलं." नदीकडं बघत होती. "इंदू, हरवलेल्या माणसाला ठाऊकच नसतंय गं की मागं कुणी रडायलंय. त्याला बसल्या जागी बरं वाटत असतंय. मी बारा वर्षं समजत होते, ते कुठंतरी माझी वाट बघत तडफडायलेत."

एवढ्या टूरमध्ये ती रडली ती तेव्हा, आणि तेही फार नाही. वैशाली मॅडम धावत खाली आल्या. आता ओरडणार असं मला वाटलं. त्या पुढ्यात बसल्या आणि अक्काच्या पायात बूट घालायला लागल्या. अक्का म्हणाली, "अगं, राहू दे, पोरी. मी काय लंगडी न्हाई." मॅडमना नाडी काही बांधता येईना.

पुढचे देश मला फारसे आठवत नाहीत. पूल होते, समुद्र होता. अक्का सगळीकडं माझ्या बरोबरीनं चालली. माझा दंड तिनं एकदाही सोडला नाही.

घरी आलो तर चाँदभाई किल्ली घेऊन उभा. "कोई नै आया अक्का," म्हणाला, अगदी अपराध्यासारखा. अक्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कुणी येणार न्हाई, चाँदभाई." त्या माणसानं तोंड फिरवून दुकानातली बरणी पुसायला घेतली. मग आत जाऊन तिनं सुधीरला फोन लावला.

विधी गाणगापूरलाच केला, संगमावर. त्यानंतर ती सुधीरबरोबर पुण्याला गेली आणि हिवाळ्यात तिथंच गेली, झोपेत. मला कळायला दुपार झाली. म्हणून तिचं मी शेवटचं जे काही बघितलं, ते संगमावरचंच.

पुजाऱ्यांनी आधी तिला अडवलं. "आई, अग्नीच्या वेळी बायकांनी थांबू नये."

"बारा वर्षं थांबले तेव्हा कुणी आलं न्हाई अडवायला," अक्का म्हणाली. पुजारी बाजूला झाले.

काळ्या घोंगडीवर त्यांनी पळसाच्या देठांचा माणूस मांडायला घेतला. डोक्याच्या जागी नारळ, हाताचे देठ, पायाचे देठ, वरून दर्भ. अक्का निरखून बघत होती. "उंच होते हो ते," म्हणाली. "पायाला आणखी लावा." पुजाऱ्यांनी सुधीरकडं बघितलं, सुधीरनं मान हलवली. त्यांनी पाय लांबवले. "डावा खांदा जरा उतरता पाहिजे." पुजाऱ्यांनी खांदा उतरवला. मी बघत होते आणि बघता बघता त्या देठांत मास्तर यायला लागले. फळ्याकडं तोंड करून उभे असलेले. 

"गेलेल्याचं नाव?" पुजाऱ्यांनी विचारलं. सुधीरनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तिनंच सांगितलं. स्पष्ट, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं.

पळस पेटला. वाळलेले देठ, त्यांना कितीसा वेळ लागणार? पुजारी म्हणाले, "चला आता. कुणीही मागं वळून बघायचं न्हाई." आम्ही निघालो. पुढं सुधीर, त्याच्यामागं मी, माझ्यामागं अक्का. वाळूत तिच्या पावलांचा करकर आवाज मला ऐकू येत होता.

मग तो आवाज थांबला.

मीही थांबले. धुराचा वास वाऱ्याबरोबर अंगावर येत होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं. मागं काही हालचाल नाही, हुंदका नाही, काही नाही. मला वळावंसं वाटत होतं, फार वाटत होतं, पण मी मान ताठ धरून पुढं सुधीरच्या पाठीकडं बघत राहिले.

बऱ्याच वेळानं पुन्हा करकर सुरू झाली. अक्का माझ्या बरोबरीला आली आणि तिनं माझा दंड धरला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"चल," म्हणाली. "ऊन वाढायलंय."

तिनं वळून बघितलं का, हे मी विचारलं नाही.